मराठी माध्यमातून कॉलेजात: इंग्रजी शब्द आणि भाषांतर पक्कं कसं करावं?

एसवाय_परळ

नमस्कार मंडळी. मी एस.वाय.बी.ए.ला आहे, विषय अर्थशास्त्र आणि मराठी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सगळं इंग्रजीत.

वर्गात शिकवलेलं कळतं, पेपरात लिहिण्यापुरतं इंग्रजीही येतं. अडतं ते संदर्भग्रंथ उघडल्यावर. वाक्यातले सगळे शब्द कुठेतरी पाहिलेले असतात, तरी वाक्याचा अर्थ हाती लागत नाही. ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘कन्सिस्टंट’ असले शब्द. फोनवर अर्थ बघते, तेवढ्यापुरतं समजतं. स्वतः लिहायला बसले की यातला एकही शब्द पुढे येत नाही, पुन्हा आपले ‘गिव्ह’, ‘टेक’, ‘मेक’.

दुसरं भाषांतराचं. पदवीनंतर मला हेच काम करायचं आहे, इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत. घरी इंग्रजी बोलणारं कुणी नाही. त्याची मला लाज वाटत नाही, पण काम नीट यायला हवं एवढं नक्की. क्लासची फी परवडणारी नाही. रोजचा लोकलचा वेळ आहे आणि कॉलेजची लायब्ररी आहे. यात काय करता येईल? कोणता शब्दकोश घ्यावा, सराव कसा करावा, स्वतःचं भाषांतर बरोबर आहे की नाही हे कुणाला न विचारता कसं कळावं?

सातरस्ता

रोज इंग्रजी पेपर वाचायचा, अग्रलेख तर वाचायचाच. नवीन शब्द वहीत लिहून काढायचे. आमच्या वेळी सगळे असेच शिकले. धीर सोडू नकोस.

एसवाय_परळ

धन्यवाद काका. पेपर वाचते. वहीसुद्धा आहे आणि ती भरत चालली आहे. पण वहीतला शब्द वहीतच राहतो, त्याचं काय करावं हाच प्रश्न आहे.

दुभाषी

पोरी, तुझा प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माझं पोट भाषांतरावर चालतं, आणि माझं मत सरळ आहे: शब्दसंग्रह आणि भाषांतर या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून शिकायच्या नाहीत. शब्द यायचा असेल तर तो वाक्यासकट, दोन्ही भाषांत, हातून गेला पाहिजे.

आधी तुला हवेत किती शब्द ते बघू. पॉल नेशन नावाचे भाषाअभ्यासक आहेत, न्यूझीलंडचे. त्यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला की पुस्तक किंवा वृत्तपत्र आधाराशिवाय वाचायचं, म्हणजे मजकुरातले शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, तर साधारण आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. कुटुंब म्हणजे ‘डिराइव्ह’, ‘डिरिव्हेशन’, ‘डिरिव्हेटिव्ह’ हे सगळं मिळून एक. आकडा ऐकून घाबरू नकोस, कारण हे शब्द सारख्या वजनाचे नसतात. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली जी यादी काढली तिच्यात दोनेक हजार शब्द आहेत, आणि कुठल्याही मजकुराचा फार मोठा भाग तेवढ्यानेच भरतो. ते तुला येतात. तू अडतेस ती त्याच्या वरच्या थरात. अव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली केवळ अभ्यासाच्या पुस्तकांतून ५७० शब्दकुटुंबांची यादी केली. कायदा असो, विज्ञान असो की वाणिज्य, अशा लेखनातला सुमारे दहावा हिस्सा त्या ५७० कुटुंबांचा असतो. तू दिलेले चारही शब्द त्या यादीच्या पहिल्याच गटात आहेत. म्हणजे तुझी अडचण अफाट नाही. तिला कुंपण आहे, आणि ते ५७०चं आहे.

आता हे शब्द आणायचे कुठून. यादी पाठ करून नव्हे. तुझ्याकडे एक भांडवल आहे ज्याची किंमत मराठी माध्यमाच्या मुलांना कुणी सांगत नाही. बालभारती एकच पाठ्यपुस्तक मराठीतही काढते आणि इंग्रजीतही. दोन्ही पीडीएफ त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बारावीचं अर्थशास्त्र दोन्ही माध्यमांचं उतरवून घे. प्रकरण तेच, परिच्छेद तोच, बहुतेक ठिकाणी वाक्यही तेच. ‘मागणीची लवचिकता’ तुला येते, संकल्पना डोक्यात पक्की आहे. इंग्रजी पुस्तकात त्याच जागी बोट ठेवलंस की तिथे ‘इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड’ दिसेल आणि त्याच्या आजूबाजूला कुठली क्रियापदं वावरतात तीही दिसतील. डिमांड ‘राइज’ होते, ‘फॉल’ होते, ‘रिस्पॉन्ड’ करते. हे ‘आजूबाजूचं’ शब्दकोशाच्या एका ओळीत मिळत नाही.

सराव असा कर. इंग्रजी परिच्छेद घे, पाच-सहा वाक्यांचा, त्याहून मोठा नको. त्याचं मराठी स्वतः कर, बालभारतीचं मराठी न बघता. मग इंग्रजी मूळ झाकून ठेव आणि चार दिवस जाऊ दे. नंतर फक्त तुझ्या मराठीवरून परत इंग्रजी लिही, आणि मग मूळ उघड. जिथे तुझं इंग्रजी आणि मूळ इंग्रजी वेगळं निघेल, नेमक्या त्या जागी तुला शिकायचं आहे. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे, तपासायला माणूस लागत नाही, मूळ मजकूरच तपासतो. ही युक्ती माझी नाही. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचे शिक्षक रॉजर ॲस्कम यांनी लॅटिन शिकवण्यासाठी ती लिहून ठेवली, ते लेखन १५७० मध्ये छापलं गेलं. सिसेरोचं पत्र इंग्रजीत आणायचं, मध्ये निदान तासभर जाऊ द्यायचा, मग ते परत लॅटिनमध्ये न्यायचं आणि सिसेरोशी ताडून पाहायचं. साडेचारशे वर्षं झाली, अजून याहून चांगली रीत माझ्या पाहण्यात नाही.

एका परिच्छेदातून तीन किंवा चार शब्द निघतील. तेवढे पुरे. ते तुझे होतात, कारण त्यांच्यासाठी तू अडलेली असतेस.

एसवाय_परळ

ताई, हे फार उपयोगी आहे. बालभारतीचं तर डोक्यातच आलं नव्हतं. एक विचारू? मी आधी इंग्रजीचं मराठी करते तेव्हा वाक्य मराठी वाटतच नाही. शब्द बरोबर असतात, तरी कुणीतरी परका बोलतोय असं वाटतं.

दुभाषी

ते वाक्याच्या बांधणीमुळे. एक उदाहरण घेऊ. इंग्रजी वाक्य: ‘द कमिटी, विच वॉज सेट अप लास्ट इयर, हॅज येट टु सबमिट इट्स रिपोर्ट.’ पहिल्या हाताला येणारं मराठी: ‘समिती, जी गेल्या वर्षी स्थापन करण्यात आली होती, तिने अद्याप तिचा अहवाल सादर करणे बाकी आहे.’ शब्दांवर कुणी बोट ठेवणार नाही. पण मुंबईतला कुठला माणूस असं बोलतो? ‘गेल्या वर्षी नेमलेल्या समितीने अजून अहवाल दिलेला नाही.’ एवढंच आहे ते.

काय बदललं बघ. इंग्रजी नामाच्या मागून ‘विच’ लावून माहिती देते, मराठी ती नामाच्या आधी धातुसाधितात घालते: नेमलेली, झालेला, येणारे. ‘इट्स’ मराठीत गळतं, कारण समिती स्वतःचाच अहवाल देणार. ‘हॅज येट टु’ म्हणजे ‘अजून नाही’. आणि ‘करण्यात आली होती’ लागलंच नाही. हे ‘करण्यात येते’ प्रकरण सरकारी कागदातून आपल्या मराठीत इतकं पसरलंय की भाषांतर करताना ते आपोआप हाताखाली येतं. प्रत्येक वेळी थांबून विचार, करणारा माहीत आहे का? माहीत असेल तर त्याला कर्ता कर.

वाक्य लांबलचक असेल तर ते तोड. इंग्रजीतल्या एका वाक्याची मराठीत दोन झाली तर कुणी फाशी देत नाही. अर्थाचा क्रम मात्र सांभाळ.

मास्तर_डोंबिवली

दुभाषीताईंचं म्हणणं पटलं. मी दादरच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. शब्दकोशाबद्दल लिहितो, कारण मुलं इथेच फसतात.

बाळ, इंग्रजी-मराठी कोश जवळ असू दे, पण पहिला हात घालायचा तो इंग्रजी-इंग्रजी, आणि तोही परभाषकांसाठी केलेला. हे कोश वेगळे असतात. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांना नडतं काय, हे रोज पाहून त्यांनी कोश केला, तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने घेतला. आज ज्याला आपण ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ म्हणतो तो हाच. लाँगमनने १९७८ मध्ये ठरवून घेतलं की प्रत्येक अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांतच सांगायचा. १९८७ च्या कोबिल्ड कोशात अर्थच पूर्ण वाक्यात दिला. तिन्हींपैकी कुठलाही चालेल. अर्थ वाचून कोश मिटू नका एवढंच सांगणं. शब्दापुढे क्रियापदाचा प्रकार असतो, पुढे कोणतं शब्दयोगी येतं ते असतं, उदाहरणाचं वाक्य असतं. खरा माल तिथे आहे.

मराठी मुलांच्या हातून जी वाक्यं येतात त्यांच्यामागे मराठी विभक्ती असते. आपण ‘विषयाबद्दल चर्चा करतो’, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. इंग्रजीत ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. आपलं लग्न कुणा‘शी’ होतं, म्हणून ‘मॅरिड विथ’ होतं, हवं ‘मॅरिड टु’. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून ‘गिव्ह ॲन एक्झॅम’, तिथे इंग्रजीत ‘टेक’ किंवा ‘सिट’. लक्ष ‘देतो’, तिथे ‘पे’. स्टेशन‘ला’ पोचतो, म्हणून ‘रीच टु द स्टेशन’, आणि ‘रीच’ला काहीच लागत नाही. म्हणून वहीत नुसता ‘रीच’ लिहू नका, ‘रीच द स्टेशन’ लिहा. नुसता ‘अक्यूज’ लिहू नका, ‘अक्यूज समवन ऑफ समथिंग’ लिहा. वहीतला शब्द वहीत राहतो तो एकटा लिहिल्यामुळे.

नवा कोश महाग वाटला तर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणारे बसतात, फाउंटनलाही बसतात. चार-पाच वर्षं जुनी आवृत्ती तुझ्या कामाला पुरेशी आहे.

लक्ष्य_मंत्रालय

थोडा वेगळा सूर लावतो. याद्या पाठ करू नका असं इथे सगळे म्हणताहेत, पण स्पर्धा परीक्षेवाल्यांना वेळ मोजका असतो. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा सक्तीचा पेपर ३०० गुणांचा, त्यात २५ टक्के मिळवल्याशिवाय बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत. त्यात इंग्रजीतून मराठीत २० आणि मराठीतून इंग्रजीत २० गुणांचं भाषांतर असतं. परिच्छेद झाकून चार दिवस थांबायला कुणाला फुरसत आहे?

आणि पाठांतराला शास्त्रही आहे. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. विसरण्याच्या बेतात असताना पुन्हा बघितलं की टिकतं. त्यावरच लाइटनरची पेट्यांची पद्धत आहे, १९७२ची. आलेला शब्द पुढच्या पेटीत, न आलेला परत पहिल्या पेटीत, आणि पुढच्या पेट्या जास्त अंतराने उघडायच्या. फोनवरचं ‘अंकी’ नावाचं ॲप हेच काम करतं. लोकलमध्ये उभ्याउभ्या होतं. मला याचा फायदा झालाय.

दुभाषी

लक्ष्य, तुमचं म्हणणं खोडत नाही. उजळणी अंतर ठेवून करावी हे शंभर टक्के खरं, आणि परळच्या मुलीने ते जरूर करावं. माझा आक्षेप कार्डावर काय लिहायचं याला आहे. एका बाजूला ‘डिप्राइव्ह’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वंचित करणे’ असं कार्ड असेल तर पेपरात तो शब्द ओळखता येईल, वापरता येणार नाही. कार्डाच्या एका बाजूला स्वतः केलेलं मराठी वाक्य आणि दुसऱ्या बाजूला मूळ इंग्रजी वाक्य ठेवा. मग तीच पेटी, तेच अंतर, आणि भाषांतराचा सराव त्याच वेळेत. तुमच्या ४० गुणांनाही हेच लागणार आहे, कारण तिथे सुटे शब्द विचारत नाहीत, परिच्छेद देतात.

लक्ष्य_मंत्रालय

मान्य. वाक्याचं कार्ड करून बघतो.

फोर्ट_वकिली

मी फोर्टमध्ये एका वकिलांच्या ऑफिसात कारकून म्हणून काम करतो. भाषांतराचं काम मुंबईत कुठे आहे हे या ताईंना माहीत असावं म्हणून लिहितो.

राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदामुळे उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. खालच्या कोर्टात मात्र बरंचसं मराठीत असतं. म्हणजे अपील वर आलं की पंचनामा, जबाब, सातबारा, फेरफार, भाडेकरार, सगळ्याचं इंग्रजी करावं लागतं. हे काम थांबत नाही. उच्च न्यायालयात भाषांतरकार आणि दुभाषी अशी पदंही असतात, जाहिरातींवर लक्ष ठेवा.

या कामात सुंदर इंग्रजी नको असतं. ‘सदर इसम’, ‘नमूद ठिकाणी’, ‘पंचांसमक्ष’ ही पोलिसांची ठरलेली भाषा आहे, तिला इंग्रजीतही ठरलेला जोड आहे, तोच वापरायचा. ‘पंचनामा’ तसाच ठेवायचा, कोर्टाच्या इंग्रजीत तो शब्द रुळलेला आहे. मूळ कागदात जे अर्धवट आहे ते अर्धवटच राहू द्यायचं. साक्षीदाराचं वाक्य तुटलेलं असेल तर ते नीटनेटकं करून द्यायचा अधिकार भाषांतरकाराला नाही, त्यावर माणसाचा जामीन अवलंबून असतो. अक्षर लागत नसेल तर तसं लिहायचं, अंदाजाने भरायचं नाही. हे कॉलेजात कुणी शिकवत नाही म्हणून सांगितलं.

सातरस्ता

वा, हे माहीत नव्हतं. पण एक विचारतो, आता फोनमध्येच भाषांतर होतं, मग हा सगळा खटाटोप मुलांनी करावा का?

दुभाषी

करावा. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ मध्ये आली आणि तेव्हापासून ते खूपच सुधारलंय. कामात मीही यंत्राचा मसुदा बघते. पण इंग्रजीत ‘यू’ एकच आहे. आई मुलाला म्हणते की कारकून साहेबांना म्हणतो, त्यावर मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ ते ठरतं. ‘द डॉक्टर सेड’ म्हटलं की डॉक्टर ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ की ‘म्हणाले’, हे कधीकधी चार पानं मागे जाऊन शोधावं लागतं. यंत्र एक काहीतरी निवडून मोकळं होतं, आणि वाक्य इतकं सफाईदार दिसतं की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. ज्याला स्वतः भाषांतर येतं त्यालाच ती जागा दिसते.

विद्यार्थ्याने क्रम पाळावा. आधी स्वतःचं भाषांतर पूर्ण करायचं, मग यंत्राचं काढायचं आणि दोन्ही शेजारी ठेवायची. यंत्राला जास्त चांगला शब्द सुचला असेल तर तो घ्यावा. उलट क्रमाने केलं तर स्वतःचं वाक्य सुचतच नाही, यंत्राचं वाक्य डोळ्यांसमोरून हलत नाही.

दर्पणवाचक

चर्चा सगळी इंग्रजीच्या बाजूने झुकली आहे, म्हणून मराठीकडून चार ओळी. कॉलेजातल्या मुलांचं इंग्रजी कच्चं असतं असं सगळे म्हणतात. भाषांतरात मात्र मला जास्त वेळा मराठी कमी पडताना दिसते. इंग्रजी वाक्य समजलेलं असतं, मराठी शब्द जिभेवर येत नाही.

यासाठी साधनं आहेत आणि फुकट आहेत. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शोधता येतो. १८३१ मध्ये मुंबईत निघालेल्या कोशाची ही १८५७ ची सुधारलेली आवृत्ती. तिच्यात साठेक हजार शब्द आहेत. बोलीतले, शेतीतले, कारागिरांचे शब्द आणि म्हणीसुद्धा. त्याच ठिकाणी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, १९३२ पासून खंडाखंडाने निघालेला. मोल्सवर्थ वाचताना एक भान ठेवायचं. त्याचं इंग्रजी एकोणिसाव्या शतकातलं आहे, आज तसंच्या तसं उचलू नये. मराठी शब्द शोधायला मात्र तो खाणीसारखा आहे.

कार्यालयीन भाषेसाठी राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे कोश बघा. हे संचालनालय १९६० पासून काम करतंय. ‘शासन व्यवहार कोश’, ‘न्याय व्यवहार कोश’ आणि विषयवार परिभाषा कोश ऑनलाइन शोधता येतात. सगळेच शब्द रुळले नाहीत. काही बोजड आहेत आणि मी स्वतः ते वापरत नाही. पण ‘फॉर पेरुझल’ला ‘अवलोकनार्थ’ आणि ‘फॉर नेसेसरी ॲक्शन’ला ‘आवश्यक कार्यवाहीसाठी’ हे नोकरीत रोज लागतं. संकल्पना समजून घ्यायची असेल तर मराठी विश्वकोश आहेच. इंग्रजी विषयाची नोंद मराठीत वाचली की वाक्यं कशी बांधावीत तेही कळतं.

आणि परळच्या ताईंना एक खास गोष्ट सांगायची आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला याच मुंबईत सुरू झालं, ते दोन भाषांत. पानाच्या एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. तुम्ही आज जे दोन पीडीएफ शेजारी उघडून करणार आहात ते इथल्या वाचकांना पहिल्याच मराठी वृत्तपत्राने छापून दिलं होतं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे. दादरला त्याचा संदर्भ विभाग आहे, परळहून चालत जाण्यासारखा. बसून वाचायची सवय तिथे लागते. जुनी मराठी गद्याची पुस्तकं मोठ्याने वाचा, वाक्याचा ताल कानात बसतो.

एसवाय_परळ

सगळ्यांचे मनापासून आभार. मी सुरुवात केली. बालभारती उतरवून घेतलंय. त्याआधी एक लहान मजकूर घ्यावा म्हणून राज्यघटनेचा २१वा अनुच्छेद घेतला, कारण शासनाचं मराठी भाषांतर तयार आहे. मराठी साधारण असं आहे: ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीनुसार असेल त्याखेरीज, कोणत्याही व्यक्तीस तिचे जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य यांपासून वंचित केले जाणार नाही.’

इंग्रजी मूळ न बघता मी केलेलं: ‘एक्सेप्ट ॲकॉर्डिंग टु द प्रोसीजर विच इज एस्टॅब्लिश्ड बाय लॉ, एनी पर्सन विल नॉट बी डिप्राइव्ह्ड फ्रॉम देअर लाइफ ऑर पर्सनल फ्रीडम.’

मग मूळ उघडलं: ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ह्ड ऑफ हिज लाइफ ऑर पर्सनल लिबर्टी एक्सेप्ट ॲकॉर्डिंग टु प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ.’ फरक दिसतात, पण प्रत्येकाचं कारण कळत नाही.

मास्तर_डोंबिवली

शाब्बास. एवढ्याशा वाक्यात भरपूर सापडलंय.

‘डिप्राइव्ह्ड फ्रॉम’ कुठून आलं? मराठीतल्या ‘यांपासून’मधून. विभक्तीने ओढून नेलं. इंग्रजीत ‘डिप्राइव्ह समवन ऑफ समथिंग’. हे एक कार्ड झालं.

‘एनी पर्सन विल नॉट’ हे ‘कोणत्याही व्यक्तीस नाही’चं शब्दशः रूप. इंग्रजी असा नकार कर्त्यातच घालते: ‘नो पर्सन’. आपल्याकडे ‘नाही’ वाक्याच्या अगदी टोकाला येतं, तोवर वाचणारा थांबतो. इंग्रजी पहिल्याच शब्दाला नकार सांगून टाकते आणि अट शेवटी ठेवते. मराठीने अट पुढे आणली. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

‘विच इज’ काढून टाकता येतं: ‘प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ’. ‘नेमलेली समिती’चं हे इंग्रजी भावंड, फक्त नामाच्या मागून येतं. ‘द’ नाही, कारण ठरावीक एकच कार्यपद्धती अभिप्रेत नाही. आणि कायद्याच्या भाषेत बंधन घालताना ‘विल’ नव्हे, ‘शॅल’.

दुभाषी

मास्तरांनी काही ठेवलंच नाही, दोन गोष्टी जोडते. ‘लिबर्टी’ आणि ‘फ्रीडम’ दोन्हींना घटनेच्या मराठीत ‘स्वातंत्र्य’च आहे. उद्देशिकेत ‘लिबर्टी’, १९व्या अनुच्छेदात ‘फ्रीडम’. म्हणून मराठीवरून परत जाताना कोणता शब्द घ्यायचा हे एका वाक्यावरून ठरत नाही, अनुच्छेद कोणता ते बघावं लागतं. कायद्याचा मजकूर करताना मूळ संज्ञा कधीही अंदाजाने घालायची नाही, हे फोर्टचे दादाही सांगतील.

दुसरं म्हणजे इंग्रजीत ‘हिज’ आहे आणि मराठीत ‘तिचे’. कारण आपल्याकडे ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी. तू ‘देअर’ लिहिलंस, आजच्या इंग्रजीत ते चालतं. १९४९ साली स्वीकारलेल्या मसुद्यात ‘हिज’च असणार. मजकूर कोणत्या काळचा आहे हेही बघायची सवय लाव.

पुढच्या वेळी मात्र पहिली पायरी गाळू नकोस. या वेळी तयार मराठीवरून गेलीस. आता इंग्रजीवरून मराठी स्वतः कर, मग चार दिवसांनी परत फिर. बारावीचं मागणीचं प्रकरण घे.

नायगावची

मी हा धागा नुसता वाचत होते. मीही मराठी माध्यमाची, एफ.वाय.ला. परळताई, तुझ्याबरोबर केलं तर चालेल का? संदर्भ विभाग माझ्या घराजवळ आहे, शनिवारी दुपारी जमेल.

एसवाय_परळ

चालेल काय, धावेल! शनिवारी ये. मागणीचं प्रकरण मी घेते, उपयोगितेचं तू घे.

मास्तर_डोंबिवली

मुलींनो, दोघी असाल तर रीत थोडी बदला. दोघींनी वेगवेगळा इंग्रजी परिच्छेद घ्या आणि आपापलं मराठी करा. मग वह्या बदला. एकीच्या मराठीवरून दुसरीने इंग्रजी करायचं, तिने मूळ पाहिलेलंच नसावं. स्वतःच्या मराठीतली धूसर जागा आपल्याला दिसत नाही, कारण मूळ आठवत असतं. दुसरी तिथे बरोबर अडेल. ती जिथे अडेल त्या वाक्याखाली रेघ मारा, आणि रेघा मारलेली वाक्यं इथे टाका.

एसवाय_परळ

टाकते. मराठी, उलट केलेलं इंग्रजी आणि मूळ, तिन्ही एकाखाली एक.

फोर्ट_वकिली

शब्दयोगी आणि ‘शॅल’ मी बघेन.